परदेशी पाठवीत नाही

हिंगोलीच्या हळदबाजारात लिलाव सुरू झाला, की ढिगामागून ढीग पुकारला जातो. शेतकरी आपल्या ढिगापाशी उभा असतो. खरेदीदार येतो, हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, मोडलेला तुकडा नाकाशी नेतो आणि आकडा बोलतो. शेवटचा आकडा ज्याचा, माल त्याचा. पुढे ती हळद सांगलीला जाणार की दुबईला, ही चौकशी शेतकरी करीत नाही. त्याला वजन नीट हवे आणि पैसे वेळेवर हवेत. लिलाव म्हणजे काय, हे लहानपणापासून मी असे पाहत आलो. त्यामुळे जगात असेही लिलाव होतात, जिथे विकणारा आधी गिऱ्हाइकाचा पत्ता विचारतो आणि पत्ता पसंत पडला नाही तर जास्तीची बोली सोडून कमी बोलीवाल्याला वस्तू देतो, हे माझ्या भाच्याने सांगितले तेव्हा मला मोठी मौज वाटली. भाच्याला मात्र मौज वाटत नव्हती.

हा भाचा न्यू जर्सीत एडिसन गावी राहतो. २०२५ च्या श्रावणात एके दिवशी भल्या पहाटे त्याचा फोन आला. तिकडे रात्र होती, पण रागाने झोप उडालेली.

"मामा, पैसे रोख द्यायला तयार आहे. टपालखर्च माझा म्हणतो. वाटेत हरवला तर तुमची जबाबदारी नाही, असेही लिहून देतो म्हणालो. तरी गृहस्थ एकच ओळ पाठवतो, 'परदेशी पाठवीत नाही'. अहो, मी काय परका आहे? माझा जन्म हिंगोलीचा!"

"अरे, पण वस्तू काय?"

"हाली रुपया. चारमिनारचा."

आता चारमिनारचा हाली रुपया म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे नाणे वेगळे होते. त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजी राज्यातला रुपया तो कलदार. कलदारात अकरा ग्रॅम आणि सुमारे ६६ सेंटिग्रॅम वजनापैकी जवळजवळ ९२ टक्के चांदी असे. हाली वजनाला थोडा हलका आणि त्यात चांदी ८२ टक्क्यांच्या आसपास. म्हणून सात हाली दिले की सहा कलदार मिळत. हिशेबी माणसे सांगत, की शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. मागच्या पिढीतल्या बायकांनाही हा भाव तोंडपाठ असे, कारण बाजाराची गोष्टच तशी होती. हिंगोलीहून वाशीमला जायचे तर पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. म्हणजे शेजारच्या वाशीमला लेक दिलेली असली, तरी तिच्याकडे जाताना नाणे बदलून घ्यायचे. मालावर करोडगिरी म्हणजे जकात द्यायची. निजामाचे टपालाचे तिकीटही त्याच्या राज्याबाहेर चालत नसे. हिंगोली–वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाका नावाचे गाव आहे. राज्ये गेली, 'नाका' तेवढा नावात राहिला. आमच्या आजोबांच्या काळी वाशीम हेच परदेश होते म्हणा ना!

या रुपयाच्या एका अंगाला चारमिनारचे चित्र आणि मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर. सहावा निजाम महबूब अली याच्या नाण्यावर 'मीम', सातवा उस्मान अली याच्या नाण्यावर 'ऐन'. भाच्याने पाहिलेला रुपया 'ऐन'वाला, हिजरी सन १३३७ चा, म्हणजे १९१८-१९ चा. फोटोत त्याची चांदी अशी चमकत होती, की काल टांकसाळीतून निघाला असावा.

भाच्याला तो हवा होता त्याच्या आजीसाठी. आजी म्हणजे माझी आई. ती वारली त्याला बरीच वर्षे झाली. १९४३ साली लग्न होऊन ती सासरी निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी गाडीत बसताना तिच्या मुठीत एक हाली रुपया ठेवला. तो तिने कुंकवाच्या करंड्यात कापडात बांधून ठेवला होता. पुढे हाली सिक्का जाऊन हिंदी रुपया आला, १९५९ मध्ये हाली पार बंद झाला, तरी तो करंड्यातच. १९७२ च्या दुष्काळात मात्र घरात जे जे चांदीचे होते ते सोनाराकडे गेले आणि त्यात तो रुपयाही गेला. आईने त्याबद्दल कधी हळहळ बोलून दाखविली नाही. पण नातवंडांना गोष्टी सांगताना तो रुपया नेमका यायचा. भाच्याचा जन्म दुष्काळानंतरचा. त्याने तो डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि न पाहिलेली वस्तू माणसाला जास्त हवीशी वाटते.

तेव्हा मी त्या विक्रेत्याला फोन केला. तो मुंबईचा निघाला, वयाने तिशीतला, बोलायला मोठा आर्जवी. मी हिंगोलीहून बोलतो म्हटल्यावर म्हणाला, "काका, तुम्हाला पाहिजे तर उद्या पाठवतो. अमेरिकेला मात्र नाही."

"का बरे?"

"तुरुंगात जायची इच्छा नाही म्हणून."

मला वाटले, थट्टा करतो आहे. पण पोराने कायदा वाचलेला होता. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७६ च्या एप्रिलपासून अमलात आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुने कोणतेही नाणे, मूर्ती, चित्र, कोरीव वस्तू ही पुरावस्तू होय. ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते आणि कागदपत्रे तर पंचाहत्तर वर्षांतच पुरावस्तू होतात. देशात ती विकता-घेता येते, पण देशाबाहेर धाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. इतर कोणी पाठविली, तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय दंड. हिजरी १३३७ चा रुपया शंभरी केव्हाच ओलांडून गेलेला. तो पाकिटात घालून एडिसनला धाडणे हा गुन्हा, मग पलीकडचा गिऱ्हाईक हिंगोलीत जन्मलेला असो की हवाईत.

वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात आता येईल, की एका रुपयासाठी एवढे काय? मलाही तेच वाटले होते. पण त्याच सुमारास वर्तमानपत्रांत रघूजी भोसल्यांच्या तलवारीची बातमी गाजत होती. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी, यांची ही तलवार लंडनच्या सदबीजच्या लिलावात निघाली. २०२५ च्या एप्रिलअखेर महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख रुपयांवर खर्च करून सोडवून घेतली आणि ऑगस्टात ती मुंबईला पोहोचली. आपलीच तलवार, आपणच पैसे मोजून, परक्याच्या लिलावातून! ती इथून नेमकी कशी आणि केव्हा गेली असेल ते असो. पण गेलेली वस्तू परत आणायला काय पडते, ते या आकड्यावरून दिसते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अशा तलवारी आणि देवळांतून चोरून नेलेल्या मूर्ती होत्या. त्यांच्यासाठी विणलेल्या जाळ्यात आमचा रुपयाही अडकला.

या बाबतीत माझे मत विचाराल, तर जाळ्याची वीण जरा निराळी असायला हरकत नाही. चोळांच्या काळची मूर्ती एकच असते. चारमिनारचे रुपये टांकसाळीने पोत्यांनी पाडले. त्यांतला एक एडिसनला गेल्याने हैदराबादच्या इतिहासात खड्डा पडणार नाही. सर्रास मिळणारी नाणी वेगळी काढून त्यांना सोपा परवाना द्यावा, असे माझ्यासारख्या सामान्य माणसाला वाटते. पण कायदा बदलेपर्यंत तो कायदा आहे, आणि मुंबईच्या त्या तरुणाने दुसऱ्याच्या हौसेपायी स्वतःची मान अडकवावी, असे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

शिवाय या कायद्यात एक गमतीचा भाग आहे. शंभर वर्षांची रेघ जागची स्थिर नाही. ती दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते. १९२४ चा रुपया २०२३ साली उघडपणे परदेशी जाऊ शकत होता. २०२५ साली तोच रुपया, तोच मालक, तोच टेबलाचा खण, पण तो पुरावस्तू झालेला. माणसांचे वय वाढले की त्यांना प्रवासात सवलत मिळते, नाण्यांचा प्रवासच बंद होतो.

"आणि शंभर वर्षांच्या आतला असला तर पाठवाल ना?" मी विचारले.

"तरी नको वाटते, काका," म्हणाला. मग त्याने आपल्या धंद्याची जी कथा सांगितली, ती ऐकून मला हळदीचा लिलाव किती सोपा आहे ते कळले. पहिली अडचण टपालाची. विमा न उतरवलेल्या परदेशी पाकिटात नाणी आणि नोटा घालायला जागतिक टपाल संघाच्या नियमांनी बंदी आहे. दुसरी अडचण जकातखात्याची. नाण्यावर सन उर्दूत, तोही हिजरी. टेबलावरच्या अधिकाऱ्याला तो वाचता आला नाही आणि शंका आली, तर पुरातत्त्व खात्याचा 'ही पुरावस्तू नव्हे' असा दाखला पुढे ठेवावा लागतो. हजार-दोन हजारांच्या वस्तूपायी दाखल्याला खेटे कोण घालणार? शिवाय धंदा म्हणून माल बाहेर पाठवायचा, तर निर्यातदाराचा क्रमांक हवा, टपाल निर्यातीचे कागद भरायला हवेत. सरकारने २०२२ पासून यासाठी डाकघर निर्यात केंद्रे उघडली, ती आता हजाराच्या वर आहेत, आणि लोणची, साड्या, हातमागाचे कापड पाठविणाऱ्यांची त्यांनी चांगली सोय झाली. पण जुन्या नाण्यांच्या माणसाला कागद वाढले की धास्तीच वाढते.

तिसरी अडचण गिऱ्हाइकाची, आणि ती सांगताना त्याचा आवाज थोडा उतरला. दोन वर्षांपूर्वी त्याने काही नवी नाणी युरोपात पाठविली. घेणाऱ्याने महिन्याने कळविले, पार्सल मिळाले नाही. अशा वेळी लिलावाचे संकेतस्थळ बहुधा गिऱ्हाइकाची बाजू घेते आणि पैसे परत करवते. नाणीही गेली, पैसेही गेले. गिऱ्हाईक खोटे बोलले की टपालाने घात केला, हे कळायला मार्ग नाही. देशातल्या देशात पार्सल कुठे आहे ते रोज पाहता येते, भांडायचे तर भाषा एक असते, पोलीसठाणे असते. समुद्रापलीकडच्या माणसाशी पाचशे रुपयांसाठी कुठल्या कोर्टात जायचे?

इंटरनेटवरचे हे लिलाव १९९५ साली अमेरिकेत ईबेने सुरू केले, तेव्हा सगळे जग एक बाजार होईल असे लोक म्हणत होते. ईबेने २००४ साली आपल्याकडचे 'बाजी' हे दुकान विकत घेतले आणि २०१८ साली इथले दुकान बंदही झाले. बाजार एक झाला, पण प्रत्येक पेठेच्या तोंडाशी नाका तसाच आहे. आणि ही पाटी आपलेच लोक लावतात असे नाही. आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना हैदराबाद संस्थानची जुनी तिकिटे जमविण्याचा नाद आहे. ती इंग्लंडातल्या लिलावांत पुष्कळ निघतात. तिथल्या कित्येक विक्रेत्यांच्या यादीत ज्या देशांना माल पाठवीत नाही त्यांत भारताचे नाव ठळक असते. ज्या तिकिटावर मराठी अक्षरे आहेत, ते मराठी माणसाला मिळत नाही! प्राध्यापक म्हणतात, याची आता सवय झाली आहे.

हे सर्व मी भाच्याला सविस्तर सांगितले. तो निवळला. म्हणाला, "मामा, हे एवढे कारण होते, तर त्या भल्या माणसाने दोन ओळी लिहायला काय हरकत होती? नुसते 'परदेशी पाठवीत नाही' म्हटले की वाटते, आपल्याला दारातून हाकलले." त्याचे हे म्हणणे मला पटले. आमच्याकडे दुकानदार उधारी देत नसला तरी 'मालक घरी नाहीत' असे काहीतरी गोड बोलतो. नकार देणारा कारण सांगत नाही, तेव्हा ऐकणारा आपल्या मनाने कारण शोधतो आणि ते नेमके सर्वांत लागणारे शोधतो. वीस वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाच्या मनात तर असे एक कारण सदा तयार असते. मी विक्रेत्यालाही हे फोनवर बोलून दाखविले. "रोज पन्नास जण विचारतात हो, काका," एवढेच तो म्हणाला.

पण इथे गोष्ट संपली नाही. भाचा माझ्या बहिणीचा मुलगा, आणि आमच्या आक्काच्या मनात एकदा आले की ते झालेच पाहिजे. तिने ठरविले, की रुपया मी हिंगोलीच्या पत्त्यावर घ्यावा आणि दिवाळीच्या फराळाबरोबर तिकडे धाडावा.

"चिवड्याच्या डब्यात तळाशी घालू. कोण बघतंय?"

"आक्का, तो गुन्हा आहे."

"एक रुपया तर आहे! मोहर का आहे ती? बेसनाच्या लाडवात घालते, मग तर झालं?"

लाडवातला रुपया यंत्राखाली कसा लख्ख दिसतो, हे मी तिला समजावून सांगत होतो, तेवढ्यात तिचे लाडूच अडले. गणपतीच्या तोंडावर, २५ ऑगस्टपासून, आपल्या टपालखात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबविले. तिथल्या सरकारने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली होती आणि जकात गोळा कोणी करायची, कशी करायची, हेच विमान कंपन्यांना उमगत नव्हते. आता देशाचे टपालखातेच म्हणू लागले, परदेशी पाठवीत नाही! १५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झाले, ते जकात इथेच आगाऊ भरून घेण्याच्या अटीवर. दिवाळी त्याच आठवड्यात होती. त्या वर्षी किती घरचे फराळ वेळेवर पोहोचले नसतील, ते आयांनाच ठाऊक. आक्काने चकल्या शेजारी वाटल्या आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही.

रुपयाचा तिढा सुटला तो आमच्या आळीतल्या एका वृद्ध गुरुजींमुळे. वय नव्वदीच्या पुढे, शिक्षण निजामी राज्यातल्या उर्दू शाळेत. त्यांना मी संगणकावरचा तो फोटो दाखविला. भिंग लावून त्यांनी सन वाचला आणि विचारले, "तुमच्या आईचं लग्न कधीचं?"

"त्रेचाळीसचं."

"मग हा रुपया कुठला? लढाईचे दिवस ते. चांगली चांदी लोकांनी केव्हाच दडवली होती. तेव्हा हातात यायचा तो नवा, निम्म्या चांदीचा. फिकट असायचा जरा."

आम्ही शोधले. गुरुजींचे बरोबर होते. हिजरी १३६१ पासून, म्हणजे १९४२ पासून, निजामाच्या टांकसाळीने रुपयातली चांदी पन्नास टक्क्यांवर आणली होती. इंग्रजांनीही लढाईच्या धांदलीत तेच केले होते. आईच्या मुठीत पडला तो रुपया बहुधा या जातीचा असणार, कारण आमचे आजोबा काही दडविलेली चांदी बाळगून असणाऱ्यांतले नव्हते. आणि १९४२ च्या रुपयाला शंभर वर्षे व्हायला अजून अवकाश आहे. तो पुरावस्तू नव्हे!

मुंबईच्या त्याच तरुणाकडे तसा एक निघाला. फिका, कडांना थोडा झिजलेला, आणि पहिल्या रुपयापेक्षा पुष्कळच स्वस्त. तो त्याने हिंगोलीला पाठविला. बिलावर सन, वजन, वर्णन सारे स्वच्छ लिहून दिले, हिजरी सनापुढे इंग्रजी सनही घातला. भाचा नाताळच्या सुट्टीत आला. त्याने तो तळहातावर घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. "इतका साधा?" असे म्हणाला खरे, पण मग तो आक्काने दिलेल्या कापडात बांधून त्याने स्वतःच्या पाकिटात ठेवला आणि बिलाच्या दोन प्रती काढून घेतल्या.

निघायच्या दिवशी मी त्याला बजावले, "२०४२ पर्यंत हा रुपया तू कुठेही ने-आण कर. शंभर वर्षे भरल्यावर मात्र जपून. तेव्हा हा घेऊन हिंगोलीला आलास, तर परत नेता यायचा नाही."

आक्का दारात दह्याची वाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मग तेव्हा येताना आठवणीनं घेऊन ये."